बाईंचे मिस्टर

वस्तरा गळ्यापाशी असताना न्हावी रडायला लागला, आणि खुर्चीत बसलेल्या त्याला सगळ्यात आधी आठवलं ते घरीदारी ऐकवलेलं आपल्या धंद्यातलं शहाणपण : रडणारा माणूस दावा वाढवून सांगतो. सारी हयात विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि भिजलेला माल तपासण्यात गेली होती. राखेत काठी फिरवून, कोपऱ्यातला वास घेऊन, आग लागली की लावली हे तो सांगत असे. गोदामाचा मालक जितका मोठ्यानं रडे, तितका त्याचा विश्वास उडे. आता हा न्हावी रडत होता आणि तो मानेभोवती पांढरं कापड गुंडाळून, अर्ध्या गालावर साबण घेऊन, जागचा हलू शकत नव्हता. नेहमीचं सलून रंगकामासाठी बंद होतं म्हणून दोन गल्ल्या सोडून तो इथे आला होता, आणि मध्येच फोन वाजला होता. त्याचे हात कापडाखाली. न्हाव्यानं मोठ्या अदबीनं फोन त्याच्या कानाजवळ धरला, पण बटण भलतंच दाबलं गेलं आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेचा आवाज सगळ्या सलूनभर पसरला. "काका, रविवारी सकाळी बाईंच्या आठवणींचा कार्यक्रम आहे बरं का. तुम्ही दोन शब्द बोलायचेत. नाही म्हणायचं नाही हं!" पहिलीतल्या मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी ही माणसं एकाच सुरात बोलतात. "बघू," तो म्हणाला. फोन बंद झाला. वस्तरा मात्र होता तिथेच थांबला. "कुठल्या बाई?" न्हाव्यानं आरशातून विचारलं. "पहिलीच्या? आपल्या शाळेतल्या? म्हणजे तुम्ही... तुम्ही बाईंचे मिस्टर?"

बाईंचे मिस्टर. एखाद्या जुनाट दुखण्याचं नाव असावं तसं हे नाव त्याला आयुष्यभर चिकटलं होतं. कचेरीत तो साहेब होता. कचेरीची गाडी त्याला घेऊन दारात उभी राहिली की बडे व्यापारी खुर्ची पुसून देत. पण कचेरीतून घराच्या गल्लीत वळलं की साहेब गळून पडे आणि उरत ते बाईंचे मिस्टर. औषधाच्या दुकानात, बँकेत, जिन्यात; कुणीतरी थोराड माणूस अचानक लहान मुलासारखा चेहरा करून पुढे येई आणि बाई कशा आहेत विचारी. तो कसा आहे हे कधीच कुणी विचारलं नाही. न्यूमोनियाचं निमित्त होऊन बाई गेल्या त्यालाही आता काही महिने झाले होते, तरी हे थांबेना. "बाई गेल्याचं मला कळलंच नाही हो, काका," न्हावी डोळे कोपरानं पुसत म्हणाला. "मला काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. वर्गात सगळे हसायचे. मग बाई अस्वल व्हायच्या."

"काय व्हायच्या?"

"अस्वल. अ अस्वलाचा." आणि त्या माणसानं, त्या चाळिशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या बाप्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि सलूनच्या जमिनीवर, लोकांच्या कापलेल्या केसांत, तो चक्क हातापायांवर उतरला. "असं. टेबलाखालून यायच्या. गुर्र करत. ज्याला शब्द अडला त्याच्या पायाशी यायच्या, बोटं हुंगायच्या. शब्द नीट वाचला की अस्वल जायचं. नाही वाचला तर बसून राहायचं. आम्ही पाठीवर चढायचो, काका. काही पोरं मुद्दाम चुकायची. मीसुद्धा." शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक हसू लागलं. न्हावी खालूनच त्याच्याकडे बघत होता, ओले डोळे आणि गुडघ्यांना चिकटलेले केस, आणि त्याला वाटलं, काय ही माणसं. एक अक्षर शिकवलं तर जन्मभर गळ्यात पडतात. "दाढी पुरी करा," तो म्हणाला.

पण रस्त्यानं घरी जाताना त्याच्या डोळ्यांपुढून ते चित्र हलेना, कारण ते तयारच होत नव्हतं. अस्वलाला त्याच्या बायकोचा चेहरा बसत नव्हता. त्याची बायको म्हणजे संध्याकाळी दार उघडणारी एक बुटकी, थकलेली बाई. नखांच्या कडांत खडू. येताच ती मीठ घालून पाणी गरम करायला ठेवी आणि मोरीपाशी उभी राहून बराच वेळ गुळण्या करी. मग भाजी, मग जेवण, मग भांडी. तो काही विचारी, ती मानेनंच हो-नाही करी. लग्नाच्या सुरुवातीला त्यानं चिडून विचारलं होतं, "तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीयेस का?" तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली होती, "अहो, आवाज बसतो. उद्या वर्ग आहे." उद्या वर्ग आहे. रोजच उद्या वर्ग असे. जणू तिच्या गळ्यात रोज मोजकाच आवाज येई, तो सगळा तिथे वाटला जाई, आणि भांडं खरवडून निघालेलं काहीतरी घरी येई. लोक म्हणत, बाईंनी शाळेला वाहून घेतलं. छान शब्द आहे. वाहून घेतलं म्हणजे घरच्यांना काय उरलं हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

वाहून घेतलेल्या माणसांबद्दल त्याला पहिल्यापासूनच तिरस्कार होता. त्यांना एक गोष्ट जमते आणि ती एकच गोष्ट ते इतक्या चिकाटीनं करतात की बघणाऱ्याला ते थोर वाटायला लागतात. तिला मुख्याध्यापिका करत होते, तिनं नको म्हटलं. वरचे वर्ग देत होते, तेही नको. तिला पहिलीच हवी होती. नाक गळणारी, चड्डी ओली करणारी, आईसाठी भोकाड पसरणारी पोरं. दर वर्षी त्याच वयाची, दर वर्षी तेच अ आणि आ. त्यानं यावर एक विनोद बसवला होता आणि तो कचेरीत फार चालला. "आमची बायको इतकी वर्षं पहिलीत आहे, पण अजून काही पास व्हायचं नाव नाही." एकदा त्याच्या वरच्या साहेबांच्या घरी जेवायला गेले असताना त्यानं तो तिच्यादेखत सांगितला. सगळे पोट धरून हसले. साहेबांची बायको हसता हसता डोळे टिपत म्हणाली, "अहो, काय हे, त्या समोर बसल्यात!" ती पण हसली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मुलं पास होऊन पुढे जातात. मी राहते." तो टोमण्याची वाट बघत राहिला. टोमणा आला नाही. तिच्या बोलण्यात काटा नव्हता, आणि त्याला त्याचाच जास्त राग आला होता. ज्याला टोचतही नाही त्याला काय म्हणायचं?

एकदाच तो तिच्या वर्गावर गेला होता, ती घराची किल्ली विसरली म्हणून. व्हरांड्यातून चालताना आतून प्रचंड कालवा ऐकू येत होता, किंचाळणं, खिदळणं. त्यानं मनाशी म्हटलं, हिला वर्ग आवरता येत नाही. दारात तो उभा राहिला आणि कुणीतरी पंख्याचं बटण बंद करावं तसा तो कालवा थांबला. ती फळ्यापाशी उभी होती, श्वास लागलेला, केस विस्कटलेले. "मुलांनो, हे कोण?" "बाईंचे मिस्टर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. त्यानं किल्ली दिली आणि तो गेला. तिच्या कपड्यांवर गुडघ्यांपाशी दोन मळकट गोल होते. ते रोजच असत. धुताना ती ब्रश घेऊन ते घाशी. "शाळा म्हटली की धूळ आलीच," असं ती म्हणे. फुटपाथवर तो थबकला, मागून येणाऱ्या बाईची पिशवी त्याला लागली. नुसत्या काजळीवरून आग कुठल्या कोपऱ्यात सुरू झाली हे सांगणारा माणूस तो. आणि ते दोन गोल इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत होते.

शनिवारी दुपारी मुलगी आली. तिचं घर दुसऱ्या शहरात, तिथे ती इस्पितळात औषधांचा विभाग सांभाळते. नवरा आणि मुलगा मागे ठेवून, आईच्या कार्यक्रमापुरती, एक छोटी बॅग घेऊन ती आली. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, फ्रीजमधलं शिळं काढून टाकलं आणि मटार सोलायला बसली. तिच्याशी काय बोलायचं हा प्रश्न त्याला नेहमीच पडे. म्हणून त्यानं न्हाव्याची गोष्ट सांगितली. छान रंगवून सांगितली. वस्तरा, साबण, केसांत रांगणारा तो सुटलेल्या पोटाचा माणूस. "म्हणे अस्वल व्हायच्या! गुर्र करायच्या! ही माणसं ना, मेलेल्या माणसाला काय वाटेल ते चिकटवतात."

मुलगी हसली नाही. तिनं शेंग मोडली, दाणे वाडग्यात टाकले. "हो," ती म्हणाली. "अस्वल."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इथेच व्हायची की. या टेबलाखालून यायची. मला भाताचे घास भरवायचे असले की, पाढे पाठ होत नसले की. नुसतं अस्वल नाही. कावळा व्हायची. तोंडानं आगगाडी वाजवायची. तुम्हाला सांगते, एवढा मोठा आवाज होता तिचा, वरच्या मजल्यावरच्या मावशी खाली यायच्या."

"माझ्यासमोर तर कधी नाही."

"तुमच्यासमोर कशी होईल?" ती अगदी साधेपणानं म्हणाली, बाजारात काय महाग झालं ते सांगावं तशी. "तुमची किल्ली दारात वाजली की ती उठायची. कपडे झटकायची. मला म्हणायची, पुस्तक घे, पुस्तक घे. मग मोरीकडे जायची."

तो खुर्चीत सरळ झाला. पंखा फिरत होता आणि मटारच्या साली वर्तमानपत्रावर हलत होत्या. "का पण?" त्यानं विचारलं. "मी काय मारत होतो? कधी आवाज तरी चढवला?"

"नाही. कधीच नाही." मुलीनं वाडगा बाजूला सारला. "तुम्हाला खरंच आठवत नाही? एकदा तुम्ही लवकर आलात. दार नुसतं लोटलेलं होतं. आई तिथे होती, दारासमोरच, जमिनीवर, आणि मी तिच्या पाठीवर. तुम्ही बघितलंत. मला वाटलं आता तुम्ही रागावणार. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नाकातून हसलात फक्त. ते तुमचं हसणं. आणि तिला ओलांडून आत गेलात, छत्री अडकवायला."

"मी असं केलं?"

"ओलांडून, बाबा. वाटेत चपला पडल्यात तसं."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. काही नाही. छत्री आठवत होती, तिची वाकडी मूठ आठवत होती, भिंतीवरचा खिळा आठवत होता. जमिनीवर कुणी असल्याचं आठवत नव्हतं, आणि हेच त्याला सगळ्यात विचित्र वाटलं. कारण राग आला असता तर आठवला असता, गंमत वाटली असती तर आठवली असती. काहीच वाटलं नसणार. तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला असणार, चहा पिऊन, पेपर वाचून. "तू तेव्हा लहान होतीस," तो म्हणाला. "लहानपणचं वाढवून आठवतं. दावा मोठा करून सांगतेस तू."

"मी कुठे रडतेय?" मुलगी म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलू लागली.

रविवारी सकाळी शाळेत पहिलीच्याच वर्गात कार्यक्रम होता. काय भंपकपणा, त्याला वाटलं. मोठ्यांना मुद्दाम त्या बुटक्या बाकांवर बसवलं होतं. गुडघे हनुवटीला लागलेले, पोटं टेबलाच्या कडेत अडकलेली, अशी ती सगळी कर्ती माणसं एकमेकांकडे बघून कौतुकानं हसत होती. पुढे खुर्चीवर तिचा फोटो. निवृत्तीच्या दिवशीचा, त्यात ती कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी बघत होती, बहुधा एखादं पोर पडत असेल. मग भाषणं. बँकेतला अधिकारी म्हणाला, बाईंनी मला शिस्त लावली. केसांना रंग लावलेली एक वकीलबाई म्हणाली, बाईंनी मला आत्मविश्वास दिला. एका बांधकामवाल्यानं तर बाईंमुळे आपण पाया पक्का करायला शिकलो असं सांगून स्वतःच्याच शब्दावर खूष होऊन इकडेतिकडे पाहिलं. प्रत्येक जण उभा राही, गळा दाटून आणी, आणि मग स्वतःविषयी बोले. हे सगळे दावेदार. जळालं दुसऱ्याचं, भरपाई हे नेणार. न्हावीही आला होता, स्वच्छ शर्ट घालून, मागच्या बाकावर. त्याला कुणी बोलायला सांगितलं नाही आणि तो रांगलाही नाही. अस्वलाचं नाव त्या अख्ख्या सकाळी कुणी काढलं नाही. प्रतिष्ठित लोकांना ते आठवत नसावं, किंवा आठवून लाज वाटत असावी.

मग त्याला बोलावलं. काय बोलायचं ते त्यानं फोन आला त्याच दिवशी ठरवून ठेवलं होतं, आणि त्याचा आनंदही चाखला होता. तो म्हणणार होता : तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला वापरलंत आणि उरलंसुरलं संध्याकाळी माझ्याकडे पाठवलंत. घरी ती एक मुकी, कंटाळवाणी बाई होती. तिनं मला काही दिलं नाही, कारण देण्यासारखं सगळं इथे सांडलेलं होतं. आता घ्या आठवणी. तो टेबलाला धरून उभा राहिला. पहिल्या बाकावर मुलगी बसली होती, हात मांडीवर. तिच्या चेहऱ्यावर काहीच अपेक्षा नव्हती, इस्पितळाच्या खिडकीतून रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती. त्याला ठरवलेलं पहिलं वाक्य सापडेना. ते पाठ होतं, पण आता ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं वाटत होतं, पुरावा नसलेलं.

"ती माझ्याशी बोलत नसे," तो म्हणाला. आवाज फाटका निघाला. "मला वाटायचं, तुमच्यासाठी आवाज राखून ठेवते. तसं नव्हतं. आवाज भरपूर होता. माझ्यासमोर काढायला तिला भीती वाटायची. मी हसायचो तिला. इतक्या वर्षांत ती कोण आहे ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यावंसं वाटलंही नाही."

मग बँकेतल्या अधिकाऱ्यानं टाळी वाजवली. वकीलबाईनं रुमाल डोळ्यांना लावला. टाळ्या वाढत गेल्या, त्या बुटक्या बाकांवरून, भिंतीवरच्या रंगीत अक्षरांखालून, आणि मुख्याध्यापिका पुढे येऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन लोकांना म्हणाली, "बघा, किती हा मोठेपणा! असा जोडीदार पाठीशी उभा होता म्हणूनच आपल्या बाई एवढं करू शकल्या."

त्यानं हात सोडवून घेतला. "तुम्ही ऐकलं नाहीत," तो म्हणाला.

"ऐकलं ना काका, सगळ्यांनी ऐकलं."

"नाही. टाळ्या थांबवा." टाळ्या विस्कळीतपणे थांबल्या. "मी पाठीशी उभा नव्हतो. ती एकदा जमिनीवर रांगत होती, मुलीशी खेळत. मी तिला ओलांडून गेलो. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी खेळली नाही. मला हे आठवतसुद्धा नाही. मुलीनं सांगितलं. पण खरं असणार. मी माणसं तपासत आलोय, खरं कसं दिसतं ते मला कळतं. हे खरं आहे."

आता कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी खोकलं. बांधकामवाला फोनकडे बघू लागला. एकदम सगळ्यांना आपली बाकं फार लहान असल्याची जाणीव झाली असावी. जो तो पाय हलवू लागला. मागच्या बाकावरचा न्हावी मान खाली घालून बसला होता. मुख्याध्यापिकेनं माइकपाशी येऊन हसरा चेहरा केला आणि ती म्हणाली, "काका फार थकलेत. साहजिकच आहे. वियोगाचं दुःख मोठं असतं. आता आपण सगळे चहा घेऊ या." बाकं सरकली. सुटल्यासारखी माणसं एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलू लागली आणि त्याच्या अंगावरून वाट काढत चहाकडे निघाली. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. जाताना एक-दोघांनी त्याचा खांदा थोपटला, कळसूत्री बाहुलीला थोपटावं तसा. मूर्ख आहेत, त्याला वाटलं, सगळे मूर्ख. आणि पहिल्यांदाच या विचारातून त्याला काही मिळालं नाही.

मुलगी त्याच्या कोपराला धरून त्याला बाहेर घेऊन आली. दोघं व्हरांड्यातून चालत फाटकाबाहेर आली. रस्त्यावर रविवारची तुरळक वर्दळ होती; एक माणूस सायकलच्या दुकानासमोर पाणी मारत होता. ते पाणी चुकवत मुलगी कडेनं चालू लागली. मग म्हणाली, "दुसऱ्यांदा कशाला सांगितलंत?"

"पहिल्यांदा त्यांनी टाळ्या वाजवल्या."

तिनं मान हलवली. पुढच्या वळणावर उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली तशी ती थांबली, पर्समधून चष्मा काढला, तो पुसला, पण लावला नाही. दुपारच्या गाडीनं ती परत जाणार होती.

"मी उद्या गेले तरी चालेल," ती म्हणाली. "फोन करून सांगते घरी."

कशाला, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. नेहमीच्या सुरात, नेहमीसारखं.

"जा उद्या," तो म्हणाला.